माहेरवाशिणींचा कागद

पाथरवली, ता. खालापूर
४ जानेवारी २०२५

झोहरा,

सलाम. फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअपवर माझ्या मेसेजला दुसरी खूणसुद्धा उमटत नाही. म्हणजे माझा नंबर बंद केलास. केलास तर केलास. रोहिदासचा दुधाचा टेंपो रोज सकाळी मोहोपाड्याला जातो आणि त्याला तुझ्या जावयाची, अब्रारची बिल्डिंग माहीत आहे, म्हणून हा कागद त्याच्या हाती देते. तो उघडून वाचायचा नाही. अक्षराचा त्याला शाळेपासून कंटाळा.

फराह कशी आहे? उठून बसते का? अंगावरचं दूध आटलं का, की अजून पोरीचा पदर भिजतो? हे विचारायला मला तोंड नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या कोंबड्या मी माझ्या खुराड्यात आणल्यात. तांबडी अजून तुझ्याच ओट्यावर जाऊन अंडं घालते, माझ्याकडे घालत नाही. तुझ्यासारखीच हट्टी.

फराहचं तसं झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते. तू दारात उभी राहिलीस आणि माझ्या ह्यांचं नाव घेऊन एवढंच म्हणालीस, "सदूभाऊ बरं हायत ना? मग झालं." आणि दार लावलंस. तीस वर्षांत तुझ्या घराचं दार मला कधी लावलेलं माहीत नव्हतं. आठ दिवसांत तू लेकीला घेऊन तिच्या सासरी निघून गेलीस.

तुला राग आहे तो बरोबर आहे. पण सगळा माझ्यावर का? मी एकटी नव्हते. रुग्ण कल्याण समितीत अकरा माणसं, त्यात मी बचतगटाची म्हणून घेतलेली. कंपनीने दवाखान्याला डायलिसिसची दोन मशीनं देऊ केली, तीही सगळ्यांच्या देखत. पाण्याची लाइन, मोरी आणि जनरेटर असलेली खोली एकच, ती बाळंतपणाची, हे काय मी ठरवलं? तालुक्याचे साहेब म्हणाले, गावालाच विचारा, दवाखाना गावाचा आहे. म्हणून छापील फॉर्म आले आणि आपण दोघी जुलैच्या चिखलात घरोघर हिंडलो. तू खालची आळी केलीस, मी वरची. तू मला कलेक्टरीण म्हणून चिडवत होतीस, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. अकरा जणांत माझंच अक्षर वळणदार, म्हणून सगळी बेरीजही माझ्याकडेच आली.

फॉर्मवर प्रश्न एकच सरळ होता. घरातल्या बाईचं बाळंतपण कुठे झालं किंवा होणार? अ, येथील दवाखान्यात. ब, अन्यत्र. ज्या घरात जावं तिथली सून म्हणे, माहेरी. मग आपण ब वर खूण करायचो. दोनशे बारा घरांत एकशे सत्त्याण्णव ब. साहेबांना वाटलं, गावाला बाळंतपणाची खोली नकोच आहे. दवाखान्याच्या रजिस्टरात नावं भरपूर होती, पण पत्ते सगळे सासरचे. पेण, बदलापूर, मोहोपाडा. साहेब म्हणाले, ह्या तर बाहेरच्या बायका. त्यांच्यासाठी आपण खोली का अडवायची?

तू माहेरवाशिणींचा वेगळा कागद केला होतास, तो मी समितीपुढे ठेवला होता. त्यांनी मानला नाही. मी काय करणार?

फराहला माझं नाव सांगू नकोस हवं तर. नुसतं विचारलंय म्हणून सांग.

तुझी
इंदू


१९ जानेवारी २०२५

झोहरा,

रोहिदास म्हणाला की कागद तू घेतलास आणि कमरेला खोचलास. बरोबर पाठवलेली वालाच्या शेंगांची पिशवी मात्र तशीच परत आली. तोंड बांधलेलं, माझी गाठसुद्धा सुटलेली नव्हती. एरवी जानेवारीत मडक्यात शेंगा भाजायची पहिली पोपटी तुझ्या परसात लागते आणि मडकं उघडेपर्यंत तू कुणाला जवळ फिरकू देत नाहीस. यंदा आळीत पोपटी लागलीच नाही. शेंगा आम्ही दोघांनी उकडून खाल्ल्या.

हे बरे आहेत. तू विचारलं होतंस, तेव्हा टोचून का होईना. पायांची सूज उतरली आहे. सोमवार, बुधवार, शनिवार चालत दवाखान्यात जातात, चार तास मशीनला बसतात आणि चालत घरी येतात. दुपारी वालात पाणी सोडायला जातात. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत मशीनसाठी पनवेलला नेताना मी त्यांना धरून एसटीत चढवत होते आणि येताना ते लोधिवलीपासून ओकत येत होते, ते तू पाहिलंस. एकदा उतरवून घ्यायला तूच आली होतीस स्टँडवर, खुर्ची घेऊन.

लोधिवलीचं नाव लिहिलं आणि हात थांबला. रागावू नकोस.

मशीनच्या दिवशी मीही त्या खोलीत जाते. भिंतीला अजून तोच गुलाबी रंग आहे, आणि बाळाला आंघोळ घालायचा कठडा तसाच आहे. त्याच्यावर आता औषधाचे कॅन ठेवतात. हे मशीनवर डोळे मिटून पडलेले असतात, मी स्टुलावर. सोनुबाई दुसऱ्या मशीनवर असते, तिचा प्रवीण कामाला जाण्याआधी तिला सोडून जातो. म्हातारी परवा म्हणाली, "ह्या खोलीत माजी दोन नातवंडं झाली गं, आन आता मीच हितं पडलीय." तिला त्यात गंमत वाटत होती. मी हसले, आणि मग मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

दुसरं एक. आपल्या शेजारची समीक्षा आली आहे बाळंतपणाला. आठवा लागलाय. तिची आई मला विचारायला आली की वेळ आली तर गाडी कुणाची सांगून ठेवू, रोहिदासचा टेंपो चालेल का? पोरगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. फराहचं तिला सगळं कळलेलं आहे. ती म्हणाली, "काकू, मी सासरीच जाऊ का परत?" पहिलं बाळंतपण, आणि पोरीला माहेर सोडून जावंसं वाटतंय.

झोहरा, त्या बैठकीत मी सगळंच नीट मांडलं असेल असं नाही. घाई होती. साहेबांना पुढे जायचं होतं. तुझ्या कागदाबद्दल मी जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोलले नसेन.

तांबडी खुडुक झाली आहे. अंड्यांवर बसवू का?

तुझी
इंदू


२ फेब्रुवारी २०२५

झोहरा,

दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही कागद चुलीत घातले. आज घालणार नाही.

तुझा कागद मी समितीपुढे ठेवलाच नाही.

आता सगळं सांगते. फॉर्म भरून झाले त्या दिवशी तू माझ्या ओट्यावर बसून स्वतःच्या घराचा फॉर्म भरत होतीस. तुझं पेन थांबलं. तू म्हणालीस, "इंदू, माज्या फराहला मी कुठं लिवू? ती तर हितं ऱ्हात नाय." फराहला तेव्हा चौथा महिना होता. मी सहज म्हटलं, नको लिहूस, ती मोहोपाड्याच्या गणतीत येईल. तू हसलीस नाहीस. म्हणालीस, "तिकडचं फारम भरणारी बाई तिच्या सासूला इचारील, आन सासू सांगंल, माहेरी. म्हंजे माजी पोर हितंबी नाय आन तितंबी नाय."

घरोघर फिरून माझ्या लक्षात आलं नव्हतं ते तुझ्या एका पोरीने तुझ्या लक्षात आणून दिलं. मी स्वतः कडावची. माझा मनोज कडावला आईच्या घरी झाला. तरी ज्या ज्या सुनेने माहेरी म्हटलं, तिच्यापुढे मी ब लिहीत गेले, आणि दुसऱ्याच दारात तिची नणंद पोट घेऊन बसलेली असायची, तिला मी विचारलंसुद्धा नाही. रेशनकार्डात नाव नाही ना तिचं.

तू मुलाच्या जुन्या वहीतलं पान फाडलंस आणि दोन दिवसांत दोन्ही आळ्यांतल्या लेकी मांडल्यास. वर्षभरात बाळंतपणाला आलेल्या आणि येणाऱ्या. त्रेचाळीस. प्रत्येकीपुढे आईचं नाव. फराहचं सगळ्यात शेवटी लिहिलंस. म्हणालीस की हे फॉर्मांना टाचून दे, तू समितीत आहेस.

मी टाचलं होतं. बैठकीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी फाइल पुन्हा चाळली. आदल्या सोमवारी हे पनवेलहून आले होते आणि कॉटवर पडून म्हणाले होते, "आता नाय जायचा मी. मरतो हितंच." त्या दिवसापासून जेवले नव्हते. फाइल मांडीवर, आणि माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच. मी टाचणी काढली. पान घडी करून ब्लाउजात ठेवलं. आत गेले. साहेबांनी विचारलं, काही राहिलं आहे का? मी म्हटलं, "नाय साहेब, सगळं हाय."

एवढंच. कुणी माझ्यावर दबाव आणला नाही, कुणी फसवलं नाही. मला त्या वेळी वाटलं की बाळंतपणं काय, बायका कुठेही होतात. मी स्वतः बाई असून मला असं वाटलं.

डिसेंबरात फराहला कळा सुरू झाल्या तेव्हा तू आधी दवाखान्यातच नेलंस. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, इथे आता होत नाही, पुढे न्या. त्या वेळी हे आत मशीनवर होते. मी दारात उभी होते आणि तुम्हाला गाडीत बसताना पाहिलं. तू माझ्याकडे वळून बघितलंस. तुला वाटलं असेल, इंदू बरोबर येईल. मी दारातच थांबले, कारण हे माझ्या त्या टाचणीमुळे झालं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. लोधिवलीच्या पुढे गाडीत, ड्रायव्हरने रस्त्याच्या कडेला घेतलेली, आणि तुझ्या ओढणीत तो मुलगा, न रडलेला.

तू समजत होतीस की समितीने तुझा कागद नाकारला. सहा महिने मी तुला तसं समजू दिलं. पहिल्या पत्रातही तेच लिहिलं.

कागद माझ्याकडे आहे. तांदळाच्या पिंपात ठेवला होता.

माफ कर असं लिहिणार होते. ते नको. ते लिहिलं की तुला मला काहीतरी द्यावं लागेल.

इंदू


१० फेब्रुवारी २०२५

झोहरा,

रोहिदास म्हणाला, तू त्याच्यासमोरच वाचलंस, उभ्या उभ्या, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसलीस. त्याने पाणी विचारलं तर तू मान हलवलीस. फराह आतून हाक मारत होती, तरी तू बराच वेळ उठली नाहीस. मी त्याला पुढचं काही विचारलं नाही.

ह्यांना सांगितलं. तुला लिहिलं आणि त्यांना न सांगता राहणं जमेना. वालाच्या बांधावर बसलो होतो. सगळं ऐकून घेतलं आणि हातावरच्या शिरेवर बोट ठेवून बसले. ती शीर मशीनसाठी फुगवलेली आहे, हात लावला की आत घरघरतं. मग म्हणाले, "म्हंजे माज्यासाठी?"

मी हो म्हटलं.

"सगळ्या गावाला इचारीत फिरलीस. मला इचारलंस?"

मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात की आता जायचा नाही. ते म्हणाले, "मी मरतो म्हनलो व्हतो. दुसऱ्याचं पोर मारतो असं नव्हतो म्हनलो."

बुधवारी मशीनला जाईनात. मी पाया पडले तेव्हा गेले. पण त्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढतात आता, पूर्वी काढत नव्हते.

चोवीस तारखेला मशीनांचा सहा महिन्यांचा आढावा आहे. साहेब येणार आहेत, गावालाही बोलावलं आहे. मी कागद मांडणार आहे. तुला मात्र विचारलं पाहिजे, कारण ह्या वेळी न विचारता काही करायचं नाही असं मी ठरवलं आहे. कागदावर शेवटचं नाव फराहचं आहे. ते वाचलं जाईल आणि काय झालं ते लोक बोलतील. तुला किंवा तिला ते नको असेल तर रोहिदासपाशी नुसतं नाही म्हणून सांग. मी ते नाव झाकून बाकीची बेचाळीस देईन. तू आलीस तर तूच मांड. तुझाच कागद आहे.

मशीनं जातील. हे मला कळतं आहे आणि ह्यांनाही कळतं आहे. दोन्ही ठेवायला दुसरी खोली नाही, आणि नवी कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही. मला भीती वाटते, झोहरा. मी काही मोठी धीराची बाई नाही, तुला माहीत आहे.

इंदू


२७ फेब्रुवारी २०२५

झोहरा,

रोहिदासने सांगितलं की तू नाही म्हणाली नाहीस. हो सुद्धा म्हणाली नाहीस. त्याच्या हातात रिकामी दुधाची किटली दिलीस आणि दार हळू लावलंस, असं तो म्हणाला. मी तो होकार धरला. चुकलं असेल तर तेही माझ्या नावावर टाक.

बैठकीचं आधी सांगते. मी उभी राहिले आणि जे तुला लिहिलं तेच सगळ्यांपुढे सांगितलं. टाचणीसुद्धा सांगितली. मग प्रवीण उठला. म्हणाला, "मावशी, तुमी तुमचं मन हलकं केलंत. माज्या आयला आता पनवेलला कोन नेनार? मला सुट्टी कोन देनार?" त्याचं काही चुकत नव्हतं. सोनुबाई त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवत होती. मागून कुणी तरी म्हणालं, हिला समितीतून काढा. मी राजीनामा लिहून नेला होताच, तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी कबूल केलं की फॉर्ममधला प्रश्नच चुकला. आपल्याकडे बाळंतपण कुठे होतं हे सुनेला नाही, तिच्या आईला विचारायचं असतं, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं. निर्णय असा झाला की पंधरा मार्चपासून बाळंतपणाची खोली पुन्हा सुरू. मशीनं गुंडाळून कोठीत, दुसऱ्या खोलीला पाणी येईपर्यंत. साहेब म्हणाले सहा महिने. सिस्टर मला हळूच म्हणाली, वर्ष धरून चाला. समीक्षाचे दिवस वीस मार्चला भरतात. तिची आई जाताना माझ्या हाताला हात लावून गेली.

आम्ही पंधरा तारखेपासून पनवेलला जाणार. हे म्हणतात की तू येऊ नकोस, मी एकटा जाईन. मी जाणार आहे.

आता जे सांगायला बसले ते सांगते. साहेबांनी तुझा कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, ही नावं खरी कशावरून? ह्या बाया तर गावात राहत नाहीत. माझ्या शब्दाला आता काय किंमत? तेव्हा सिस्टर म्हणाली, वाचून तर बघा. साहेब पहिलं नाव वाचू लागले. वरच्या आळीतली एक म्हातारी मागे उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माजी लेक." दुसरं नाव वाचलं, दुसरी उठली. कुणी शिकवलं नव्हतं. कुणाची आई, आई नसेल तिथे भावजय, एकीचा बाप. वाचत गेले आणि एकेक जण उठत गेला. चाळिसाव्या नावाला अर्धा हॉल उभा होता आणि साहेबांचा आवाज खाली आला होता.

मग फराहचं वाचलं. कुणी उठलं नाही. मी दाराकडे बघत होते. खोटं नाही सांगत, मला शेवटपर्यंत वाटत होतं की तू येशील. साहेबांनी पुन्हा वाचलं आणि विचारलं, ह्यांचं कुणी आहे का इथे?

हे मागे खुर्चीत होते. सकाळीच मशीनवरून उठून आलेले, चक्कर येत होती म्हणून मीच बसवलं होतं. खुर्चीची पाठ धरून ते उठले.

"आमची," म्हणाले.

साहेबांनी विचारलं, आपण कोण लागता?

"शेजारी. तिचं माहेर आमच्या आळीत. त्या दिवशी त्या खोलीत मशीनवर मीच व्हतो."

साहेबांनी पेन घेऊन तिच्या नावापुढे खूण केली. बाकीचे एकेक करून खाली बसले, तरी हे उभेच होते. मी जाऊन दंड धरला तर म्हणाले, "थांब, तिची आय आल्याबिगर कसा बसू?"

इंदू